ब्रेकवरची दोन बोटं

डोंगरात सायकल चालवायला काय काय लागतं, असं कॉलेजातली मुलं मला अधूनमधून विचारतात. त्यांना मोबाईलवर लाखालाखाच्या सायकली दिसतात आणि वाटतं, हे आपलं काम नाही. मी सांगतो, जाड टायर लागतात, भरवशाचे ब्रेक लागतात आणि हात लागतात. हातांचं कोणी मनावर घेत नाही. ते लगेच गिअरचं विचारतात, आणि मी गिअरचं सांगतो. हातांचं इथे लिहून ठेवतो.

आमचं गाव घाटाखाली, मलकापूरच्या रस्त्यापासून थोडं आत. बुलढाणा वर, पठारावर. आमच्याकडे सोयरीक जमवतानासुद्धा घाटावरचे की घाटाखालचे हे आधी विचारतात. मी घाटाखाली जन्मलो आणि घाटावर शिकलो. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, कोणी हसलं तरी सांगतो. पुढे एम.ए. करून बुलढाण्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागलो. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढेच पैसे, आणि तेही कॉलेजला सुचेल तेव्हा. बाबा मात्र गावात मला प्रोफेसर म्हणून सांगत, आणि मीही ते खोडून काढत नसे.

माझ्यापेक्षा लहान एक भाऊ. तो बारावीला इंग्रजीत राहिला आणि वावरात गेला. कोणीतरी वावरात जायलाच पाहिजे होतं. बाबांचे गुडघे गेले होते.

सायकल मी घेतली ती माझ्यासाठी. शनिवारी तास आटोपले की एसटीनं घाट उतरून गावी यायचं आणि सोमवारी परत चढायचं, असा माझा क्रम होता. म्हटलं, सायकलनं जाऊ, अंगही सुटतंय ते आवरेल. मलकापूरला स्टेशनाकडच्या गल्लीत एक चाचा शिवणयंत्रं, फवारणीचे पंप आणि सायकली अशी तिन्हीची दुरुस्ती करायचे. त्यांच्याकडे मुंबईच्या कुणाची तरी एक जुनी गिअरची सायकल पडून होती. किती दिले ते लिहीत नाही. माझ्यासारख्याला परवडली, एवढं पुरे.

चाचांनी आधीच सांगून टाकलं, "सर, फ्रेम अस्सल हाये. शॉकअप मात्र मेलेला हाये. दिसाले चांगला दिसते म्हणून ठेवाचा असंन तं ठेवा."

नाही ठेवला. तो काढून पुढच्या चाकाला साधा लोखंडी चिमटा बसवला. जे पैसे होते ते टायरांवर आणि ब्रेकवर घातले. कमी पैशात ज्याला सुरुवात करायची आहे त्याला मी आजही हेच सांगतो. दिसणाऱ्या वस्तूवर पैसे घालू नका, जमिनीला लागणाऱ्या आणि चाक थांबवणाऱ्या वस्तूवर घाला. आणि आमच्या भागात आणखी एक. बाभळीचे काटे आणि वावरातली पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, धसकटं नव्या टायरलाही सोडत नाहीत, तेव्हा जुनी ट्यूब उभी चिरून तिची पट्टी टायरच्या आत अंथरा. सायकल जड होते, पण घरी पोचते.

घाट मी एकदाच चढलो. अर्धा चालत. वर्गात पोचलो तेव्हा सदऱ्याला मिठाचे डाग पडले होते आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, सर, एसटी सुटली का? त्यानंतर सायकल गावीच राहिली, आणि भावानं ती घेतली.

आमच्या वावराच्या मागेच डोंगर सुरू होतो. तिथून एक पायवाट वर पठारापर्यंत जाते. हल्ली तिच्यावर गुराखी आणि सीताफळं आणणाऱ्या बायाच दिसतात, पण आजोबांच्या काळी लोक कोर्टकचेरीला याच वाटेनं चढायचे. बाबा तिला अजून कचेरीची वाटच म्हणतात. वर मोकळं माळरान, मग सागाची झाडं, मधोमध उघड्या दगडाचे उतरते टप्पे, त्यांना आम्ही पायऱ्या म्हणतो, आणि खाली घाणेरीच्या झुडपांतून वळणं घेत ती आमच्या बांधाला येऊन मिळते. पायऱ्यांवरून बकऱ्यासुद्धा तिरप्या उतरतात. भावानं तिथून सायकल उतरवायची ठरवली.

मोबाईलवर नेट जवळजवळ फुकट मिळायला लागलं होतं ते दिवस. दुपारी निंबाखाली पडून तो परदेशातल्या पोरांचे व्हिडिओ पाहायचा. भाषा कळत नव्हती, पण अंग कसं ठेवतात ते कळत होतं. उतारावर बसायचं नाही, पायडलवर उभं राहायचं. सीट खाली करायची. चाकाकडे पाहायचं नाही, पुढे जिथे जायचं आहे तिथे पाहायचं. आणि दोन बोटं कायम ब्रेकवर. बाकीची बोटं मुठीला, दोन ब्रेकवर. ब्रेक करकचून दाबायचा नाही, नुसता चाखत राहायचा. हे त्यानं मला शिकवलं. माझी बोटं चारही ब्रेकवर जायची.

"भाऊ, बैलाचा कासरा असा आवळून धरतेत काय? ढील दे ना थोडी," तो म्हणायचा.

बैलजोडी आम्ही सायकल येण्याआधीच विकली होती. वखरणीला भाड्याचा ट्रॅक्टर यायचा. बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी खुंटीला राहिली होती. ती त्यानं हँडलला बांधली, कारण डोंगरात अस्वलं आहेत, आणि अस्वलाला आपण दिसण्याआधी ऐकू आलेलं बरं. डोक्याला आधी दुपट्टा गुंडाळायचा, मग चाचांनी कुठूनतरी एक जुनं हेल्मेट काढून दिलं. रविवारी आम्ही दोघं सायकल ढकलत वर न्यायचो, मी आधी पायी उतरून बांधावर येऊन उभा राहायचो आणि ओरडून सांगायचो. मग तो निघायचा. तो दिसायचा नाही, घंटी ऐकू यायची. ती वाजत असली की सायकल चालू आहे. ती थांबली की कुठेतरी पाय टेकला. पायऱ्यांपाशी ती नेहमी थांबायची.

"एक डाव वरून खालपर्यंत पाय न टेकता उतराचं," तो म्हणाला होता. "मंग सायकल इकून टाकली तरी चालते."

त्याला दुसरं काही मिळवायचं होतं असं मला दिसलं नाही. लग्नाचं जमत नव्हतं, शेतकऱ्याच्या पोराला पोरगी द्यायला कोणी तयार नव्हतं. पाहुणे माझीच चौकशी करायचे आणि माझी नोकरी तासिकेची आहे म्हटल्यावर चहा पिऊन जायचे. गावातले पोट्टे त्याला चिडवायचे, "काऊन बे, बायको भेटत नाई म्हणून डोंगराले भेटून राह्यला काय?" तो हसायचा आणि सायकल ढकलत वर जायचा.

लोखंडी मुठीनं त्याच्या तळहाताला फोड यायचे. कॉलेजचा थकलेला पगार एकदाचा हातात आला तेव्हा मी बुलढाण्याहून त्याला सायकलचे हातमोजे आणले. पूर्ण बोटांचे, काळे, तळव्याला आतून फोमची गादी. त्यानं ते घालून मुठी आवळल्या, उघडल्या आणि म्हणाला, आता डोंगर माहा. माय म्हणाली, एवढे चांगले मोजे मातीत कायले घालतं.

पुढचं वर्ष गुलाबी बोंडअळीचं.

बीटी कपाशी पहिल्यांदा आली तेव्हा मी शाळेत होतो. तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं की हिच्या बोंडाला अळी लागणारच नाही, आणि काही वर्षं ते खरंही झालं. बाबांनी त्याच वर्षांत मला कॉलेजात घातलं. म्हणजे माझी पदवी त्या कपाशीतून आली, हे मी नाकारत नाही. त्या वर्षी मात्र बोंड बाहेरून हिरवंगार, टणक, आणि फोडलं की आत किडा आणि काळी पडलेली सरकी. कपाशी तर माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. पंप पाठीला लावून आत शिरलं की फवारा वर मारावा लागायचा आणि तो तोंडावर, हातावर परत यायचा. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. कोण दुकानदार काय काय मिसळून देत होता ते दुकानदारालाच माहीत.

शेजारच्या जिल्ह्यांतून फवारणीत माणसं दगावल्याच्या बातम्या यायला लागल्या. मग ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून रोज सांगायचे, तोंडाला फडकं बांधा, चष्मा लावा, हातमोजे घाला. कुठून आणायचे ते भोंगा सांगत नव्हता. गावात कोणाकडे हातमोजे नव्हते. आमच्या घरात होते. बाबा भावाला म्हणाले, तुह्यापाशी हायेत ना ते प्रोफेसरनं आणलेले, घालत जा. तो घालायला लागला. बादलीत औषध कालवताना घालायचा, दिवसभर फवारताना घालायचा, आणि संध्याकाळी उजेड असला तर तेच घालून डोंगरावर जायचा. फवारणीच्या दिवसांत रविवार पाळायला सवड नव्हती. अर्धा तास मिळाला तरी तो जायचा. माय ते कधीतरी निरम्यात धुऊन तारेवर टाकायची. गावातले लोक त्याला पाहून म्हणायचे, शिकलेल्या घरचा आहे, काळजी घेतो.

हे सगळं मला नंतर कळलं. मी वर होतो, बुलढाण्यात.

त्या शनिवारी मी दुपारच्या एसटीनं उतरलो. तो सकाळपासून फवारत होता. मला पाहून पंप उतरवला, तोंडावर पाणी मारलं, आणि म्हणाला, चाल भाऊ, आज होते. मी म्हटलं जेव तरी. भूक नाही म्हणाला. सायकल वर ढकलताना तो दोनदा थांबला आणि घाम पुसत राहिला. मला वाटलं उकाडा आहे. उकाडा होताच.

मी खाली येऊन बांधावर उभा राहिलो आणि आवाज दिला. घंटी सुरू झाली. माळावरून झाडांत आली. मी पायऱ्यांची वाट पाहत होतो. पायऱ्यांवर घंटीचा आवाज बदलतो, एक एक ठोका वेगळा पडतो. तो तसा पडला, दुसरा पडला, आणखी पडले, आणि घंटी पुन्हा सलग वाजायला लागली. पायऱ्या झाल्या होत्या. पाय टेकला नव्हता. मी तिथे बांधावर एकटाच हात वर करून उभा होतो. पुढे घाणेरीची सोपी वळणं तेवढी राहिली होती, जी मलाही जमायची.

घंटी थांबली.

मी थोडा वेळ वाट पाहिली. मग हाक मारली. मग पळत वर गेलो. तो एका वळणावर झुडपात बसला होता, सायकल त्याच्या पायावर आडवी. खरचटलं होतं, पण फार नाही. तोंडातून लाळ गळत होती. अंग पाण्यात बुडवून काढल्यासारखं ओलं. डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या.

"ब्रेक दाबून राह्यलो," तो म्हणाला, "पण बोटं दबूनच नाई राह्यली."

गावातल्या एकाच्या मोटारसायकलवर त्याला मध्ये धरून आम्ही घाट चढलो. सरकारी दवाखान्यात फवारणीचे आणखी पेशंट होते, त्यामुळे तिथे कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलण्यावरून पुण्याकडच्या. त्या विचारत होत्या आणि माझ्या मागोमाग पोचलेले बाबा उत्तरं देत होते, ती मी पुस्तकी मराठीत परत सांगत होतो, कारण बाबांचं निम्मं त्यांना कळत नव्हतं. भावाच्या हातात अजून ते हातमोजे होते. बाबांना वाटलं, आता निष्काळजीपणाबद्दल बोलणी बसणार. ते मला म्हणाले, "त्याईले सांग, पोरगं हातमोजे घालूनच फवारत होतं. एकही दिवस बिनहातमोज्याचा नाई."

मी सांगितलं. बाईंनी कात्री मागवली, हातमोजे मनगटापासून उभे कापले आणि पिशवीत टाकले. वास सगळ्या खोलीत झाला.

"हे कापडाचे आहेत," त्या म्हणाल्या. "कापड औषध पिऊन बसतं. हातमोजा रबराचा हवा. हे न घालता फवारलं असतं तर निदान हात धुतले गेले असते."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. बाई काय म्हणाल्या ते त्यांना कळलं होतं की नाही, मी विचारलं नाही. मी ते त्यांना वऱ्हाडीत परत सांगितलं नाही. मी इतिहासाचा एम.ए. कापड काय पितं ते मला कोणत्या पेपरात नव्हतं, आणि भोंग्यावरही कोणी रबराचं म्हटलं नव्हतं. नुसतं हातमोजे म्हणत होते.

तो वाचला. इंजेक्शनांच्या गुंगीत काही दिवस बडबडला, पलंगाला हात बांधावे लागले, मग शुद्धीवर आला, घरी आला, जेवायला लागला. आम्ही म्हटलं सुटलो. काही आठवड्यांनी त्याच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. मग शर्टाची बटणं लागेनात. पायांतही कमजोरी आली होती, ती हळूहळू गेली. हातांतली गेली नाही. डॉक्टर म्हणाले नसांवर गेलंय, वेळ लागेल. किती, ते कोणी सांगितलं नाही.

आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू करण्याआधी सीतादही करतात. वावरात पाच खडे मांडून त्यांना शेंदूर लावायचा, दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, तो कपाशीवर शिंपडायचा आणि पहिली बोंडं वेचायची. आमच्या घरी ती पहिली बोंडं घरातल्या धाकट्यानं वेचायची असतात. त्या वर्षी वेचायला काय होतं? निम्म्याहून जास्त कवडी, म्हणजे बोंड उघडतच नाही, कापूस आत पिवळा पडून चिकटून बसतो. पण मायनं सीतादही केलं. तिनं कधी चुकवलं नव्हतं.

भाऊ पुढे झाला. त्यानं एक बोंड धरलं आणि कापूस ओढला. आला नाही. पुन्हा ओढला. बोटं नुसती बोंडावरून सरकत होती. बाबा दुसरीकडे पाहायला लागले.

माय म्हणाली, "राहू दे बाप्पा. बोंडच कवडी हाये थे."

तिनं शोधून एक चांगलं उमललेलं बोंड आणलं, त्याचा कापूस स्वतः अर्धा सुटा केला आणि ते त्याच्यापुढे धरलं. त्यानं ते पाहिलं आणि हात मागे घेतला. पहिला कापूस त्या वर्षी मी वेचला. मला पुष्कळ वर्षांत सवय नव्हती, बोंडाचं टोक नखात गेलं.

हिवाळ्यात मी सायकल घेऊन चाचांकडे गेलो, भावालाही नेलं. चाचांनी आधी त्याचे हात हातात घेऊन पाहिले. पंप दुरुस्तीला आणणाऱ्यांचे असे किती हात त्यांनी त्या वर्षी पाहिले होते, ते सांगत होते. मग त्यांनी मोटारसायकलचा लांब लिव्हर कापून सायकलला बसवला, म्हणजे दोन बोटांऐवजी अख्ख्या पंजानं दाबता येईल. तार नवी घातली, तेल सोडलं. गल्लीत भावानं चक्कर मारली. सपाटीवर जमलं. तो परत येऊन म्हणाला, दाबल्या जाते, पण किती दाबलं ते समजत नाही.

चाचांनी पैसे घेतले नाहीत, आणि मला त्याचं बरं वाटलं नाही.

पुढच्या रविवारी तो म्हणाला वर जाऊ. पाय बरे झाले होते. बराचसा चढ त्यानं सायकलवर बसून काढला, पूर्वी आम्ही जिथे ढकलत न्यायचो तिथेही. चढाला ब्रेक लागत नाहीत. मी मागे धापा टाकत होतो. वर माळावर पोचल्यावर त्यानं सायकल वळवून तोंड खाली केलं, पायडलवर पाय ठेवला, पंजा लिव्हरवर ठेवला आणि उभा राहिला. खाली आमचं वावर दिसत होतं. पऱ्हाटी उपटून झाली होती, ढीग लावलेले. त्यानं पंजा दाबला, सोडला, दाबला, सोडला. मग उतरला आणि सायकल माझ्याकडे दिली.

"तू जाय. मी येतो पायी."

मला डोंगरावरून सायकल उतरवायची फार सवय नव्हती. मी गेलो. झाडांत एकदा पाय टेकला. पायऱ्यांवर तर सरळ उतरून सायकल उचलूनच आणली. घाणेरीत त्या वळणावर आलो तेव्हा चारही बोटं ब्रेकवर आवळलेली होती. बांधावर पोचलो आणि वर ऐकू जावं म्हणून घंटी हातानं हलवत राहिलो.

तो बऱ्याच वेळानं खाली आला. पायऱ्यांपाशी बसला असावा, पँटीच्या मागे तिथली लाल माती होती.

"पायऱ्यांवर तं घंटी वाजलीच नाई तुही," तो म्हणाला. "उचलून आणली ना बे?"

मी हो म्हटलं.

"माही वाजली होती," तो म्हणाला. "तू ऐकली होती ना?"

ऐकली होती, मी म्हटलं. त्यानं सायकल घेतली आणि घराकडे ढकलत नेली, हातानं नाही, हँडलच्या मध्ये कोपर टेकवून. सायकल अजून आमच्याकडेच आहे. चढ तो चढतो. उतरताना ती माझ्याकडे देतो आणि वर उभा राहून ऐकतो.